गिटारवृंद, मिश्रशैलीय
भिन्न संगीतपरंपरांत घडलेल्या दोन किंवा अधिक गिटारवादकांनी आपापली वादनशैली कायम राखून केलेले समवादन. एकाच परंपरेतील वादकांची चतुष्के वा पंचके या संज्ञेत येत नाहीत. उदा., सेलेदोन्यो रोमेरो व त्याचे तीन पुत्र यांनी १९६० मध्ये स्थापन केलेले ‘लॉस रोमेरोस’ हे चतुष्क मुख्यतः अभिजात संगीत वाजविते. जो सॅट्रिआनी या वादकाने १९९६ मध्ये सुरू केलेले ‘जी-थ्री’ हे त्रिकूट बव्हंशी रॉक संगीताच्या कक्षेत राहते. मिश्रशैलीय वृंदात मात्र फ्लामेंको, जॅझ, ब्लूज, पाश्चात्त्य अभिजात, ब्राझीलियन, रॉक, हिंदुस्थानी इ. शैलींचे वादक एकत्र बसतात. प्रत्येकाचे लयीचे भान, स्वरांचे व्याकरण आणि बोटांची वा नखीची सवय वेगळी असते. ही वेगळेपणाची बाजू न लपविता तिच्यातूनच संगीत उभे करणे, हे या वृंदांचे वैशिष्ट्य होय. वाद्य एक आणि भाषा अनेक, अशा परिस्थितीत कोणी कोणाची भाषा किती आत्मसात करावयाची, हा प्रश्न या वादनप्रकाराच्या इतिहासात आरंभापासून दिसतो.

वाद्य व शैलीभेद : सहा एकेरी तारांच्या गिटारचे आजचे रूप इ. स. १८०० च्या सुमारास स्थिर झाले. तिची प्रचलित स्वरजुळणी जगभर जवळजवळ सारखीच आहे. त्यामुळे एका देशाच्या वादकाला दुसऱ्याची बोटे पाहून तो काय वाजवीत आहे, हे बहुधा ओळखता येते. सतार व व्हायोलिन किंवा सरोद व पियानो यांच्या वादकांना ही सोय नाही. तथापि या समान वाद्याचे प्रकार बरेच वेगळे आहेत. अभिजात गिटारला नायलॉनच्या तारा असतात व तिचा नाद भरीव असतो. फ्लामेंको गिटार परंपरेने सायप्रसच्या हलक्या लाकडाची करतात. तिचा नाद कोरडा, तीव्र व लवकर विरणारा असतो, आणि बोटांनी ठोके देता यावेत म्हणून तिच्या दर्शनी फळीवर संरक्षक पट्टी चिकटविलेली असते. लोकसंगीतातील व जॅझमधील गिटारला पोलादी तारा असून ती अनेकदा नखीने वाजवितात. विद्युत गिटारमध्ये नाद विवर्धकातून येतो व तो हवा तितका लांबविता येतो. हवाईयन पद्धतीत तारांवरून गज सरकवून मींड काढतात. ही वाद्ये शेजारी ठेवली असता त्यांच्या नादाची पातळी, गुण व टिकाऊपणा यांचा मेळ घालणे ही पहिली अडचण ठरते.

दुसरी अडचण संगीताच्या रचनेसंबंधीची आहे. जॅझवादक ठराविक स्वरसंहतीच्या क्रमावर, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या कॉर्डच्या चौकटीवर, आयत्या वेळी नवी स्वरावली रचतो. फ्लामेंकोवादक ‘काँपास’ या तालचक्रावर विसंबतो. सोलेआ या प्रकारात हे चक्र बारा मात्रांचे असून त्याचे आघात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर पडतात. मात्रासंख्या एकतालाइतकीच असली, तरी विभागणी सर्वस्वी निराळी असते. फ्लामेंकोचा स्वरपट बहुतांशी फ्रिजियन सप्तकावर आधारलेला आहे. त्याचे स्वर हिंदुस्थानी संगीतातील भैरवी थाटाशी जुळतात. या परंपरेत उत्स्फूर्ततेला स्थान असले, तरी वादक प्रामुख्याने पूर्वी रचून ठेवलेले छोटे स्वरखंड प्रसंगानुसार गुंफत जातो. अभिजात वादक लिहिलेल्या स्वरलिपीशी बांधलेला असतो. फ्लामेंकोचे ज्ञान मात्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकून व पाहून संक्रांत झाले आहे. यामुळे समवादनाला बसताना कोणासमोर कागद ठेवावा व कोणासमोर नाही, येथूनच वाटाघाटी सुरू होतात.

पूर्वपीठिका : एकाच वाद्याच्या दोन वेगळ्या पद्धती एकत्र आणण्याचा एक जुना व चांगला नोंदलेला प्रयत्न एकोणिसाव्या शतकातील आहे. स्पॅनिश वादक व रचनाकार फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) आणि द्योनीस्यो आग्वादो (१७८४–१८४९) हे दोघे पॅरिसमध्ये काही काळ एकत्र होते. सोर बोटांच्या मांसल टोकांनी वाजवीत असे, तर आग्वादो नखांनी. सोरने दोघांसाठी ‘दोन मित्र’ या अर्थाचे फ्रेंच नाव असलेली युगुलरचना केली. ती त्याची ४१ वी प्रकाशित कृती होय. दोघांचीही परंपरा एकच असल्याने हा मिश्रशैलीय वृंद नव्हे. परंतु तंत्रातील मतभेद न मिटविता समवादन करता येते, हे त्यातून सिद्ध झाले. त्याच शतकात आंतोन्यो दे तोरेस (१८१७–९२) या कारागिराने गिटारच्या ध्वनिपेटीचा आकार व अंतर्रचना सुधारली. अभिजात व फ्लामेंको या दोन्ही प्रकारच्या वाद्यांना त्याच्या कामाचा आधार लाभला. पुढे हे दोन प्रवाह मात्र दूर गेले. आंद्रेस सेगोव्ह्या (१८९३–१९८७) याने अभिजात गिटारला मोठ्या सभागृहांत व संगीतविद्यालयांत मानाचे स्थान मिळवून दिले; विद्युत गिटारला त्याचा विरोध होता. फ्लामेंको गिटार दीर्घकाळ गायन व नृत्य यांच्या साथीपुरतीच राहिली. रामोन मोंतोया (१८७९–१९४९) याच्यापासून तिच्या एकलवादनाला प्रतिष्ठा येऊ लागली.

खऱ्या अर्थाने मिश्रशैलीय म्हणता येईल असे आरंभीचे महत्त्वाचे समवादन अमेरिकेत १९२८ व १९२९ या वर्षांत ध्वनिमुद्रित झाले. एडी लँग (१९०२–३३) हा फिलाडेल्फियातील इटालियन वंशाचा गोरा वादक होता. व्हायोलिनचे शिक्षण घेऊन तो जॅझकडे आला होता. लॉनी जॉन्सन (सु. १८९९–१९७०) हा न्यू ऑर्लीअन्सचा कृष्णवर्णीय ब्लूज गायक व गिटारवादक. दोघांनी ‘ओके’ या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी गिटारची युगुलवादने केली. त्या काळी अमेरिकेतील कंपन्या कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळी मालिका काढीत व त्या मालिकेत गोऱ्या वादकाचे नाव छापणे गैरसोयीचे मानले जाई. म्हणून या मुद्रिकांवर लँगचे नाव ‘ब्लाइंड विली डन’ असे देण्यात आले. हे नाव ऐकून तो कोणी अंध कृष्णवर्णीय ब्लूजवादक असावा, असा ग्राहकाचा समज होई. सार्वजनिक रंगमंचावर असे मिश्र समवादन करणे त्या काळी दुष्कर होते; ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत ते शक्य झाले. या मुद्रिकांत जॉन्सन पुष्कळदा वरची स्वरावली वाजवितो व लँग भरदार स्वरसंहतीची साथ करतो. गोरा वादक साथीदार आणि कृष्णवर्णीय वादक अग्रणी, ही वाटणी सामाजिक रूढीच्या उलट होती. ती सांगीतिक गरजेतून आली होती आणि म्हणूनच ती महत्त्वाची ठरते.

पॅरिसमध्ये १९३४ साली जँगो राइनहार्ट (१९१०–५३) या भटक्या मानूश जमातीतील वादकाने व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह एक पंचक स्थापन केले. त्यात तीन गिटारी होत्या. त्यांतील दोन केवळ लयीची साथ करीत, कारण विवर्धकाच्या अभावी एका गिटारचा आवाज तालवाद्याची जागा घेण्यास अपुरा पडे. १९३९ पासून चार्ली ख्रिश्चन या वादकाने बेनी गुडमन याच्या वृंदात विद्युत गिटार प्रभावीपणे वाजविली. तेव्हापासून गिटारवादक क्लॅरिनेट वा ट्रंपेट यांच्या बरोबरीने स्वतंत्र स्वरावली ऐकवू लागला. विवर्धनाच्या या सोयीमुळेच पुढे मृदू नादाची नायलॉन गिटार व पोलादी तारांची गिटार एका मंचावर समान पातळीवर ऐकू येणे शक्य झाले.

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध : दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घवादन ध्वनिमुद्रिका, विमानप्रवास व संगीतमहोत्सव यांमुळे वादकांच्या भेटीगाठी वाढल्या. अमेरिकन वादक चार्ली बर्ड (१९२५–९९) याने १९५४ मध्ये इटलीतील सिएना येथे सेगोव्ह्याकडे काही काळ शिक्षण घेतले होते. १९६२ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ याच्याबरोबर त्याने ब्राझीलच्या बोसा नोव्हा संगीताला जॅझमध्ये आणले. १९७३ च्या सुमारास त्याने बार्नी केसल (१९२३–२००४) व हर्ब एलिस (१९२१–२०१०) या दोन जॅझ गिटारवादकांसह ‘ग्रेट गिटार्स’ हे त्रिकूट उभारले. बर्ड नायलॉनच्या तारा बोटांनी छेडीत असे. इतर दोघे विद्युत गिटार नखीने वाजवीत. फ्लामेंकोचा थोर वादक साबीकास (१९१२–९०) हा स्पेन सोडून अमेरिकेत स्थायिक झाला होता. त्याने जो बेक या विद्युत गिटारवादकासह केलेली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. फ्लामेंको व रॉक यांच्या भेटीचा हा एक आरंभीचा प्रयोग होय. १९७३ मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन आणि मेक्सिकन वंशाचा रॉकवादक कार्लोस सांताना यांनी जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन याच्या स्मृतीस वाहिलेली संयुक्त मुद्रिका काढली. १९७६ मध्ये कंट्री संगीताचा अग्रणी चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) व जॅझ परंपरेतील लेस पॉल (१९१५–२००९) यांची ‘चेस्टर अँड लेस्टर’ ही मुद्रिका आली. वादनाच्या अधूनमधून दोघांचा विनोदी संवादही तीत ऐकू येतो.

गिटारत्रिकूट : या सर्व प्रयत्नांत सर्वाधिक प्रभावी ठरले ते पाको दे लूसीआ, जॉन मॅक्लॉफ्लिन व अल डी मिओला यांचे त्रिकूट. पाको दे लूसीआ (२१ डिसेंबर १९४७–२५ फेब्रुवारी २०१४) हा दक्षिण स्पेनमधील आल्हेसीरास या बंदराच्या गावी जन्मला. त्याचे वडील व वडील बंधू रामोन हे गिटारवादक, तर दुसरे बंधू पेपे गायक होते. लूसीआ हे त्याने आपल्या पोर्तुगीज मातेच्या नावावरून घेतले. लहानपणीच तो नृत्यपथकाबरोबर अमेरिकेत गेला. तेथे साबीकासने त्याला इतरांची नक्कल सोडून स्वतःचे संगीत रचण्याचा सल्ला दिला. पुढे कामारोन दे ला इस्ला या गायकाच्या साथीने त्याने फ्लामेंकोत नवे युग आणले. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. जॉन मॅक्लॉफ्लिन (४ जानेवारी १९४२– ) हा इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातला. माइल्स डेव्हिस याच्या १९६९ व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युगप्रवर्तक मुद्रिकांत त्याने गिटार वाजविली आणि १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा जॅझ-रॉक वृंद काढला. अल डी मिओला (२२ जुलै १९५४– ) हा न्यू जर्सीतील जर्सी सिटीचा. बॉस्टन येथील बर्कली संगीत महाविद्यालयात शिकत असतानाच चिक कोरीआ याच्या ‘रिटर्न टू फॉरेव्हर’ या वृंदात त्याला १९७४ मध्ये पाचारण करण्यात आले.

त्रिकुटाच्या मूळ रचनेत डी मिओला नव्हता. त्याच्या जागी जॅझ-रॉकचा आद्य वादक लॅरी कोरिएल (१९४३–२०१७) होता. लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये फेब्रुवारी १९७९ मध्ये झालेल्या त्यांच्या मैफलीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. पाकोच्या ‘कास्त्रो मारीन’ (१९८१) या मुद्रिकेतही कोरिएल व मॅक्लॉफ्लिन यांचा सहभाग आहे. हे पाकोच्या मातेच्या पोर्तुगालमधील मूळ गावाचे नाव होय. दुसरीकडे, पाको व डी मिओला यांची ओळख आधीच झालेली होती. डी मिओलाच्या ‘एलिगंट जिप्सी’ (१९७७) या मुद्रिकेतील ‘मेडिटरेनिअन सनडान्स’ ही युगुलरचना दोघांनी वाजविली होती. १९८० मध्ये कोरिएलची जागा डी मिओलाने घेतली आणि ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथील वॉरफील्ड नाट्यगृहात या त्रिकुटाची मैफल ध्वनिमुद्रित झाली. १९८१ मध्ये ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रॅन्सिस्को’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. तालवाद्य नाही, गायन नाही, केवळ तीन ध्वनिक गिटारी, अशा स्वरूपाच्या या मुद्रिकेच्या लक्षावधी प्रती खपल्या. असे यश वाद्यसंगीताच्या वाट्यास क्वचितच आले आहे.

या मुद्रिकेची रचना लक्षपूर्वक पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यातील पाच रचनांपैकी पहिल्या तीन रचना त्रिवादने नसून युगुलवादने आहेत. पहिली पाको व डी मिओला यांची. तीत ‘मेडिटरेनिअन सनडान्स’ला पाकोची ‘रीओ आंचो’ ही रचना जोडलेली आहे. दुसरी डी मिओला व मॅक्लॉफ्लिन यांची. तिचा मूळ रचनाकार चिक कोरीआ. तिसरी मॅक्लॉफ्लिन व पाको यांची. ती ब्राझीलच्या एगबेर्तो जिस्मोंती याची आहे. उरलेल्या दोनच रचनांत तिघे एकत्र येतात आणि त्यांपैकी शेवटची, मॅक्लॉफ्लिनची ‘गार्डिअन एंजल’, मैफलीतली नसून ध्वनिमुद्रणगृहातील आहे. म्हणजे हे त्रिकूट मूलतः तीन जुगलबंद्यांच्या पायावर उभे होते. तिघांत दर वेळी एक जण श्रोता होऊन बाजूला राहतो, यामुळे वादनाला उसंत मिळते व प्रत्येक जोडीचे नाते स्वतंत्रपणे ऐकता येते. द्विमार्गी ध्वनिमुद्रणात पाको डावीकडे, मॅक्लॉफ्लिन मध्यभागी व डी मिओला उजवीकडे ऐकू येतो, अशी नोंद मुद्रिकेवरच दिली आहे. कोण काय वाजवीत आहे हे श्रोत्याला ओळखता यावे, ही या वृंदप्रकाराची मूलभूत अपेक्षा असल्याने ही साधी नोंदही अर्थपूर्ण ठरते.

दोन वादक समोरासमोर असताना एक जण लयीची साथ करतो व दुसरा स्वरविस्तार करतो. काही आवर्तनांनंतर भूमिका बदलतात. कालांतराने हे अदलाबदलीचे खंड आखूड होत जातात, एकाने टाकलेले वाक्य दुसरा उचलतो आणि शेवटी ठरलेल्या द्रुत स्वरावलीत दोघे एकमुखाने येतात. सवाल-जबाब ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्यास ही पद्धत परिचित वाटेल. तंत्राचा भेद येथे विशेष जाणवतो. पाको द्रुत स्वर उजव्या हाताच्या तर्जनी व मध्यमा यांच्या आळीपाळीच्या आघाताने काढतो, अंगठ्याने खालच्या तारांवर उलटसुलट प्रहार करतो आणि चार बोटे पसरून तारांवरून फिरविण्याच्या फ्लामेंको पद्धतीने लयीला धार आणतो. इतर दोघे प्रत्येक स्वर नखीच्या खालीवर आघाताने स्वच्छ तोडतात. तोच स्वरसमूह तेवढ्याच गतीने येत असूनही त्याचा उच्चार वेगळा असतो. कोरीआच्या रचनेच्या वादनात मध्येच ब्लूजचा व ‘पिंक पँथर’ या चित्रपटातील सुपरिचित धुनेचा विनोदी प्रवेश होतो व सभागृहात हशा पिकतो. तंत्राची ही चढाओढ मैत्रीपूर्ण होती, हे त्यावरून दिसते.

परंतु या समवादनाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. ‘रीओ आंचो’ ही रचना रुंबा या चार मात्रांच्या प्रकारातील आहे. फ्लामेंकोच्या अनेक प्रकारांत रुंबा हा हलका व बाहेरच्या वादकास चटकन पकडता येण्याजोगा मानला जातो. सोलेआ किंवा बुलेरीआ यांतील बारा मात्रांचे कठोर चक्र, ज्यात फ्लामेंकोचा खरा गाभा आहे, ते या मुद्रिकेत फारसे आढळत नाही. उलट, जॅझच्या स्वरसंहतीवर आयत्या वेळी विस्तार करण्याची पद्धत पाकोला नव्याने शिकावी लागली. कॉर्डच्या बदलत्या क्रमावर तत्काळ स्वर सुचणे सुरुवातीस अत्यंत कष्टाचे गेले व त्या ताणाने डोके दुखत असे, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. थोडक्यात, भेटीचे ठिकाण जॅझच्या अंगणात होते आणि तेथवरचा प्रवास फ्लामेंकोवादकाने केला. स्पेनमधील परंपरावाद्यांनी यावरून पाकोवर शुद्धता सोडल्याचा आरोप केला. अन्य समीक्षकांनी तिघांवरही वेगाच्या प्रदर्शनाचा ठपका ठेवला. गतीच्या भरात विश्रांती व मौन यांना वाव उरत नाही, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पहिल्या मुद्रिकेपेक्षा ‘पॅशन, ग्रेस अँड फायर’ (१९८३) या दुसऱ्या मुद्रिकेस तो अधिक लागू पडतो.

शुद्धतेविषयीच्या आरोपाला मात्र पुढील घटनांनी उत्तर दिले. दुसऱ्या मुद्रिकेत तिघांच्या प्रत्येकी दोन रचना आहेत, म्हणजे मालकीची वाटणी काटेकोरपणे समान केली गेली. पाकोने याच सुमारास आपले षट्क बांधून त्यात बासरी, बास गिटार व मूळचे पेरू देशातील ‘काहोन’ हे पेटीवजा तालवाद्य आणले. पुढे काहोन हे फ्लामेंकोचे नेहमीचे वाद्य होऊन बसले. १९८७ मध्ये त्याने ‘सीरोको’ ही मुद्रिका काढली. ती पूर्णतः फ्लामेंकोची आहे, परंतु तिच्यातील स्वरसंहती पूर्वीच्या कोणत्याही फ्लामेंकोवादकाच्या कल्पनेपलीकडची आहे. बाहेर शिकलेले त्याने घरच्या व्याकरणात बसविले. मॅक्लॉफ्लिन व पाको यांनी १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो महोत्सवात युगुलवादन केले. १९९६ मध्ये त्रिकूट पुन्हा एकत्र आले व ‘द गिटार ट्रिओ’ ही त्यांची तिसरी मुद्रिका प्रसिद्ध झाली. पाकोच्या निधनानंतर आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, सॅन फ्रॅन्सिस्कोतील ६ डिसेंबर १९८० च्या दुसऱ्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ‘सॅटरडे नाइट इन सॅन फ्रॅन्सिस्को’ या नावाने बाहेर आले.

भारतीय संबंध : मॅक्लॉफ्लिनची त्रिकुटातील भूमिका त्याच्या भारतीय संगीताच्या अभ्यासाशिवाय नीट उमगत नाही. त्याने अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात एस्. रामनाथन् यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. व्हायोलिनवादक एल्. शंकर, घटमवादक टी. एच्. विनायकराम व मुंबईत जन्मलेले तबलावादक झाकिर हुसेन (१९५१–२०२४) यांच्यासह त्याने ‘शक्ती’ हा वृंद काढला. त्याची पहिली मुद्रिका १९७५ मधील मैफलीची आहे. या वृंदासाठी त्याने खास गिटार करवून घेतली. तिच्या ध्वनिपेटीवर सात तारा तिरप्या बसविलेल्या होत्या व पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेले होते. त्यामुळे तार दाबून वीणेप्रमाणे गमक काढता येई. विद्युत वाद्य बाजूला ठेवून ध्वनिक गिटारवर द्रुत लयकारी करण्याची सवय त्याला येथेच जडली, आणि तिचा उपयोग त्याला पाकोसमोर बसताना झाला.

भारतात गिटारचा स्वतंत्र विकास मुख्यतः हवाईयन पद्धतीने झाला. हवाई बेटांतील वादक ताउ मो १९४० नंतरच्या दशकात कलकत्त्यात राहिला होता व त्याच्यामुळे या पद्धतीचा प्रसार झाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिप्ले यांची विद्युत हवाईयन गिटार लोकप्रिय झाली. तेथील वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक व संयोजक यांनी पाश्चात्त्य स्वरलिपीचा वापर रुळविल्याने भारतीय व पाश्चात्त्य वाद्यांचे समवादन सुकर झाले होते. ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी गिटारवर रागसंगीत प्रतिष्ठित केले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी वाजविलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही मुद्रिका देशोदेशी पोहोचली. तीत तबल्याची साथ माणिकराव पोपटकर यांची आहे. जयपूरचे विश्वमोहन भट्ट (१९५०– ) यांनी गिटारला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून ‘मोहन वीणा’ सिद्ध केली. अमेरिकन ब्लूज व लोकसंगीताचा वादक राय कूडर (१९४७– ) याच्यासह त्यांनी कॅलिफोर्नियातील सँता बार्बरा येथील एका प्रार्थनामंदिरात १९९२ मध्ये वादन केले. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावाने १९९३ मध्ये निघालेल्या या मुद्रिकेस १९९४ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दोघांची पूर्वतयारी अत्यल्प होती. मात्र दोघेही तारेवरून वस्तू सरकवून मींड काढणारे असल्याने त्यांना पडद्यांनी ठरविलेल्या स्वरस्थानांचे बंधन नव्हते, आणि ब्लूजमधील कोमलाकडे झुकणारा गंधार व रागातील आंदोलित गंधार एकमेकांजवळ येऊ शकले. गतीऐवजी विलंबित आलापीवर उभे राहिलेले हे समवादन सॅन फ्रॅन्सिस्कोच्या मैफलीच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण होय.

काब्रा यांचे शिष्य देवाशिष भट्टाचार्य यांनी बॉब ब्रॉझमन या अमेरिकन वादकासह ‘महिमा’ (२००३) ही मुद्रिका केली. त्यापूर्वी डिसेंबर २००० मध्ये मुंबईत झालेल्या ‘रिमेंबर शक्ती’ वृंदाच्या मैफलीत भट्टाचार्यांची हिंदुस्थानी गिटार व मॅक्लॉफ्लिनची जॅझ गिटार एकाच मंचावर होती. ही मैफल ‘सॅटरडे नाइट इन बाँबे’ (२००१) या नावाने प्रसिद्ध झाली.

इतर वृंद : ब्राझीलचा लाउरिंदो आल्मेईदा (१९१७–९५), अमेरिकेची अभिजात वादक शॅरन इझबिन (१९५६– ) व लॅरी कोरिएल यांनी १९८५ मध्ये तीन गिटारींची संयुक्त मुद्रिका काढली. या क्षेत्रावर पुरुष वादकांचेच प्राबल्य राहिले असल्याने इझबिनचा सहभाग उल्लेखनीय ठरतो. लॉस अँजेल्स येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८० मध्ये स्थापन झालेले ‘लॉस अँजेल्स गिटार क्वार्टेट’ हे अभिजात वादकांचे चतुष्क आहे. त्याने इतर शैलींच्या थोर वादकांना आदरांजली म्हणून केलेल्या मुद्रिकेस २००५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार लाभला. येथे मिश्रण वादकांचे नसून रचनांचे आहे, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे. ब्रायन गोर याने १९९५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को परिसरात ‘इंटरनॅशनल गिटार नाइट’ ही फिरती मैफलमाला सुरू केली. तीत निरनिराळ्या देशांचे व शैलींचे चार वादक एकल, युगुल व समूह अशा तिन्ही प्रकारे वाजवितात.

मूल्यमापन : मिश्रशैलीय गिटारवृंद सहसा अल्पायुषी असतात. वादक आपापल्या परंपरेतून काही दिवसांसाठी बाहेर येतात व पुन्हा परततात. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मोजमाप केवळ संयुक्त मुद्रिकांवरून करणे पुरेसे नाही. परतल्यानंतर त्या वादकाच्या स्वतःच्या संगीतात काय बदल झाला, हेही पाहावे लागते. केवळ मैफलीपुरत्या जमविलेल्या वृंदांत प्रत्येक जण स्वतःचे सिद्ध तुकडे वाजवितो, आणि सर्वांना येणारी एखादी सोपी धून अखेरीस एकत्र होते. असे समवादन रंजक असले तरी त्याचा ठसा राहत नाही. याउलट लँगने साथीदाराची जागा स्वीकारली, पाकोने अपरिचित स्वरसंहतीचा अभ्यास केला, मॅक्लॉफ्लिनने वाद्याची घडणच बदलून घेतली व भट्ट-कूडर यांनी एकमेकांना अवकाश दिला. या उदाहरणांत समान सूत्र आहे ते असे, की वादकाने आपली परंपरा न सोडता तिच्यातील एखादी सोय मात्र सोडली. वाद्य सर्वांचे एकच असल्याने या त्यागाची मात्रा श्रोत्याला स्पष्ट ऐकू येते. जागतिक संगीतव्यवहारात ध्वनिमुद्रणाचे तुकडे दूरस्थपणे जोडून संयुक्त रचना करण्याची पद्धत एकविसाव्या शतकात रूढ झाली आहे. अशा काळात प्रत्यक्ष समोरासमोर बसून, परस्परांचा श्वास व बोटे पाहत केलेल्या या समवादनांची ध्वनिमुद्रणे अभ्यासकांना व तरुण वादकांना मार्गदर्शक ठरतात.